हरवलेला परवाना-क्रमांक : संगणकात कोठे शोधावा?

दवाखान्यातील संगणक रुसला म्हणजे तंत्रज्ञ बहुधा एकच उपाय सुचवितो : 'डॉक्टर, फॉरमॅट मारू या.' आणि लगेच विचारतो, 'विंडोजची की आहे ना? ऑफिसची?' मग कपाटे उपसली जातात. सीडीचे खोके नऊ वर्षांपूर्वी घर बदलताना गेलेले असते.

आम्हा बालरोगतज्ज्ञांपुढे हा प्रश्न केवळ खर्चाचा नसतो. कोयली, बाजवा, जवाहरनगर हा बदल्यांचा परिसर आहे. इथून गेलेले कुटुंब काही वर्षांनी मुलाच्या शाळेसाठी अथवा परदेशगमनासाठी लसीकरणाचा दाखला मागते. तो ज्या आज्ञावलीत आहे ती पुन्हा चालू झाली नाही, तर नोंद असूनही नसल्यासारखीच! म्हणून शोध घ्यायचा तो फॉरमॅट करण्यापूर्वी. नंतर शोधण्यासारखे फारसे उरत नाही.

विंडोजचा परवाना-क्रमांक पंचवीस चिन्हांचा असतो. एक्सपीपासून (२००१) विंडोज ७ पर्यंत (२००९) त्यासाठी चोवीसच चिन्हे वापरीत : सतरा रोमन व्यंजने आणि सात अंक. स्वर नाहीत, तसेच शून्य, एक व पाच हे अंकही नाहीत. त्यामुळे 'शून्य की ओ' हा घोळ उद्भवत नाही. 'बी' व आठ, 'जी' व सहा मात्र दोन्ही आहेत, आणि झिजलेल्या लेबलावर याच जोड्या फसवितात. संगणक हा क्रमांक जसाच्या तसा लिहून ठेवीत नाही. चोवीसच्या पायावरील एक प्रचंड संख्या समजून तो १५ बाइटांत बसवितो आणि 'रजिस्ट्री' नावाच्या अंतर्गत नोंदवहीत ठेवतो. ही गुप्तलिपी नव्हे, केवळ निराळे अंकलेखन आहे. उलट गणित केले की मूळ क्रमांक हाती येतो. निरसॉफ्टची 'प्रॉड्यूकी' ही विनामूल्य आज्ञावली हेच गणित क्षणार्धात करते. ती निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. काही अँटिव्हायरस तिला संशयित ठरवितात, त्याने बिचकू नये. पण 'की जनरेटर' या नावाने जे मिळते त्याला दवाखान्याच्या संगणकाजवळही फिरकू देऊ नये. ते क्रमांक शोधीत नाही, बनावट क्रमांक तयार करते, आणि सोबत बहुधा विषाणू आणते.

संगणक सुरूच होत नसला तरी आशा सोडू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यातील कित्येक तळमजल्यांत शिरले. अशा वेळी मदरबोर्ड निकामी झाला तरी हार्ड डिस्क वाचलेली असू शकते. ती दुसऱ्या संगणकाला जोडून तिच्यातील रजिस्ट्रीची फाइल याच आज्ञावलीने वाचता येते.

येथे एक मेख आहे. मोठ्या कंपनीने विंडोज ७ वा त्यापूर्वीची विंडोज घालून विकलेल्या संगणकाच्या रजिस्ट्रीत पुष्कळदा कंपनीचा सामायिक क्रमांक सापडतो. तो आपल्या कामाचा नाही. खरा क्रमांक खोक्यावरच्या किंवा लॅपटॉपच्या पोटावरच्या लेबलावर असतो. काही लॅपटॉपमध्ये तो बॅटरीखाली दडलेला असतो. विंडोज ८ पासून (२०१२) लेबलावरचा क्रमांक गेला आणि तो मदरबोर्डवरील चिपमध्ये आला. त्यामुळे त्याच संगणकावर तीच आवृत्ती पुन्हा घालताना विंडोज तो आपणहून वाचते. मात्र मदरबोर्डच गेला तर तो क्रमांकही त्याच्याबरोबर जातो. विंडोज १० आणि ११ मध्ये बहुतेक वेळा 'डिजिटल लायसन्स' असते, म्हणजे त्या यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या दप्तरी नोंदलेली असते. जुन्या विंडोजवरून विनामूल्य बढती घेतलेल्या यंत्रात सापडणारा क्रमांक लाखो यंत्रांत एकच असतो. तो जपून लिहून ठेवणे व्यर्थ. त्यापेक्षा यंत्र आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावे.

ऑफिसचे शास्त्र वेगळे. २००७ व २०१० या आवृत्त्यांचा पूर्ण क्रमांक संगणकातून काढता येतो. २०१३ पासून यंत्रात केवळ शेवटची पाच चिन्हे राहतात. तीही निरुपयोगी नव्हेत. जुन्या पावत्या व ई-मेल चाळताना नेमका कोणता क्रमांक आपला, हे त्यांवरून पटते.

स्थानिक प्रोग्रामरने लिहून दिलेल्या दवाखान्याच्या आज्ञावलींपुढे मात्र ही सारी साधने थिटी पडतात. त्यांचा परवाना पुष्कळदा हार्ड डिस्कच्या अनुक्रमांकाशी बांधलेला असतो, आणि डिस्क बदलली की निर्मात्याकडून नवा क्रमांक घ्यावा लागतो. तो व्यवसाय बंद करून गेला असेल तर? परवाना आणि नोंदी या दोन भिन्न वस्तू आहेत, हे येथे उपयोगी पडते. नोंदी बहुधा वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये असतात. ती संपूर्ण फाइल आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी. परवाना नसला तरी जाणकार माणूस तिच्यातील नावे, तारखा व लसी एक्सेलमध्ये काढून देऊ शकतो, फाइलला निराळा पासवर्ड नसेल तर. आज्ञावली चालू आहे तोवर दर महिन्यास तिच्यातूनच एक्सेल प्रत काढणे त्याहून सोपे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्यास सांगितले आहे. बालकाच्या लसीकरणाला ती मुदत फारच तोकडी आहे.