पंधरा दिवसांचा हंगाम

लिलाव म्हटला की आम्हां वर्ध्याकडच्या माणसांच्या डोळ्यांपुढे बाजार समितीचे आवार उभे राहते. कापसाच्या गाड्या, भाव पुकारणारा माणूस आणि तोंडाकडे आशेने पाहणारा शेतकरी! माणसांचा लिलाव ही गोष्ट कानाला काही बरी वाटत नाही. म्हणून १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीत हॉकी खेळणाऱ्या मुलींचा लिलाव झाला, ही बातमी वाचून आमच्या बोरगाव मेघेतल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "अहो, हे काय ऐकतो आहे मी?"

त्यांना समजावता समजावता मलाच त्या गोष्टीची गोडी लागली. हॉकी इंडिया लीग ही स्पर्धा पुरुषांसाठी २०१३ साली सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली आणि सात वर्षे झोपून राहिली. ती पुन्हा जागी झाली तेव्हा तिच्यासोबत एक धाकटी बहीणही आली. ती म्हणजे स्त्रियांची लीग. आपल्या देशात असे पहिल्यांदाच घडत होते. संघांनी पैसे मोजून खेळाडू घ्यायचे, एका संघात चोवीस जणी, त्यांत आठ परदेशी. आणि मग सर्वांनी एकमेकींशी खेळायचे. मूळ बेत सहा संघांचा होता. प्रत्यक्षात चारच उभे राहिले. ओडिशा वॉरियर्स, सूरमा, बंगाल टायगर्स आणि दिल्लीचे एसजी पायपर्स.

लिलावात बचावफळीतल्या उदिताला बत्तीस लाखांची बोली लागली. हॉलंडची यिब्बी यान्सन एकोणतीस लाखांना ओडिशाकडे गेली. आकडे ऐकून डोळे विस्फारतात खरे. पण त्याच लिलावात पुरुषांच्या बाजूला हरमनप्रीतसिंग अठ्ठ्याहत्तर लाखांना गेला होता. पुरुषांच्या संघाला खर्चायला चार कोटी, स्त्रियांच्या संघाला दोन. पुरुषांच्या विजेत्याला तीन कोटी, स्त्रियांच्या विजेत्याला दीड. बहिणीच्या वाट्याला अर्धी भाकरी हा आपल्याकडचा जुनाच हिशेब! तरीही ज्या घरात आजवर कोरही मिळाली नव्हती, तिथे अर्धी भाकरी आली, हेही नाकारता येत नाही.

पण वाचकहो, या हंगामाची खरी गोष्ट पैशांची नाही. ती कळायला आधी एक वर्ष मागे जावे लागेल, आणि जागा मात्र तीच ठेवावी लागेल: रांची.

रांचीच्या या मैदानाला जयपालसिंग मुंडांचे नाव आहे. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार असलेल्या या आदिवासी पुढाऱ्याला लोक 'मरांग गोमके' म्हणत. म्हणजे थोर नेता. जानेवारी २०२४ मध्ये याच मैदानावर पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रतेचे सामने झाले. आठ संघ आले होते आणि जागा होत्या तीन. आपल्या मुली उपांत्य सामन्यात जर्मनीशी बरोबरीत राहिल्या आणि शूटआऊटमध्ये हरल्या. उरली तिसऱ्या जागेसाठीची लढत. १९ जानेवारीला जपानने सुरुवातीलाच एक गोल केला, आणि मग उरलेला सगळा वेळ आपल्या मुली तो एक गोल फेडायला धडपडत राहिल्या. पेनल्टी कॉर्नर मिळत गेले, वाया जात गेले. शून्य विरुद्ध एक! टोकियोला चौथ्या आलेल्या संघाला पॅरिसचे दारही दिसले नाही. पुढच्याच महिन्यात प्रशिक्षिका यानेका स्कोपमन यांनी राजीनामा दिला.

घरच्या प्रेक्षकांसमोर झालेला पराभव फार दिवस सलतो. अशा पराभवानंतर खेळाडूला काय हवे असते? सत्कार नको, सांत्वन तर मुळीच नको. तिला हवा असतो पुढचा सामना. आणि आपल्या मुलींच्या हॉकीचे दुखणे नेमके हेच होते, की शिबिरे महिनोन् महिने चालत आणि चुरशीचे सामने मात्र मोजकेच वाट्याला येत. त्यातही देशाच्या संघात असलेल्या वीस-पंचवीस जणींनाच ते मिळत. बाकीच्यांनी राष्ट्रीय स्पर्धेची वाट पाहायची, हरल्या की आठवड्याभरात गाडी पकडायची आणि मग वर्षभर कचेरीत नोकरी करायची. मोठ्या स्पर्धेत एक वाईट दिवस उजाडला की सारे संपते. साखळीच्या हंगामात तसे नसते. आज हरलेली मुलगी परवा पुन्हा मैदानात उतरते. हंगाम या शब्दातच दिलासा आहे, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.

१२ जानेवारी २०२५ रोजी त्याच रांचीत हा पहिला हंगाम सुरू झाला. पंधरा दिवस, तेरा सामने. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे आणि वरच्या दोघांनी अंतिम सामना. पहिल्याच लढतीत ओडिशाने दिल्लीला चार गोलांनी लोळवले. त्या ओडिशा संघाची प्रशिक्षिका कोण होती म्हणाल? त्याच यानेका स्कोपमन! वर्षापूर्वी जिथे डोळे पुसले, तिथेच त्या पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. कर्णधार होती नेहा गोयल. समोरच्या सूरमा संघाचे नेतृत्व झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातल्या सलिमा टेटेकडे.

सिमडेगाचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्या मुलखात गावोगाव हॉकीचे सामने होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. त्या सामन्यांना 'खस्सी' असेच नाव आहे. बांबूची वाकडी काठी घेऊन पोरी खेळायला लागतात, आणि त्यांतूनच देशाच्या कर्णधार निघतात. दीड कोटींच्या चषकाचा पाया असा एका बोकडावर उभा आहे! वरचा कळस कंपन्यांनी बांधला. पण पाया गावांनी घातला. तो पाया शेकडो सामन्यांचा आहे, ही गोष्ट आम्हां विदर्भवाल्यांनी कानाला खडा लावून ऐकावी.

प्रजासत्ताकदिनी अंतिम सामना होता. दूरदर्शनच्या क्रीडावाहिनीवर तो दिसत होता. आमच्या आळीतल्या चार-पाच मुली आपापले झेंडावंदन उरकून दिवसभर इकडे तिकडे हुंदडल्या होत्या. त्या सामन्याच्या वेळी माझ्या बैठकीत येऊन बसल्या. हॉकीतले त्यांना फारसे काही ठाऊक नव्हते. त्यांचे खेळ कबड्डी आणि खो-खो. विसाव्या मिनिटाला ओडिशाचा गोल झाला आणि पडद्यावर नाव आले: ऋतुजा दादासो पिसाळ. खोलीत एकदम शांतता! मग त्यांतली एक हळूच म्हणाली, "काकाजी, हे पोट्टी आपल्याकडची हाये का जी?"

"साताऱ्याची आहे, बाई."

"मंग आपल्याकडचीच म्हना ना!"

वर्धा ते सातारा हे अंतर एवढ्या झटक्यात कापलेले मी आजवर पाहिले नव्हते.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला सूरमाकडून ऑस्ट्रेलियाच्या पेनी स्क्विबने बरोबरी साधली. पुढे तिसरा डाव कोरडा गेला. चौथ्यात घड्याळ पुढे सरकू लागले तसतशा आमच्या मुली सतरंजीवरून पुढे सरकू लागल्या. आणि छपन्नाव्या मिनिटाला, खेळ संपायला चार मिनिटे उरली असताना, पुन्हा ऋतुजाच! दोन विरुद्ध एक. लिलावाच्या बातम्यांत ठळक अक्षरांत झळकलेल्या नावांत तिचे नाव माझ्या तरी नजरेला पडले नव्हते. पण पहिल्या हंगामाचा चषक ओडिशाकडे नेणारे दोन्ही गोल तिच्या काठीचे होते.

महाराष्ट्राच्या मुलींना हे यश काही आभाळातून पडलेले नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाच्या कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याच्याच. अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या एकट्या फलटण तालुक्याने वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या दोघींना देशाच्या संघात धाडले. दोघीही शेतकऱ्यांच्या लेकी, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या. मार्च २०२४ मध्ये पिंपरीत झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या मुली अंतिम फेरीत पोहोचल्या आणि हरियाणाकडून हरल्या.

मग आमच्या बाजूचे काय? आमची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती चपलेसकट पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा मैदानावर चेंडू ढेकळावरून कधी कपाळाकडे उडेल, याचा नेम नसतो. मोठे हॉकी मात्र १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम हिरवळीवर गेले. सामन्याआधी तिच्यावर पाणी मारतात. चेंडू सपाट आणि सुसाट धावतो. मातीवर शिकलेल्या मुलीला कमरेत वाकण्यापासून चेंडू अडवण्यापर्यंत सारे पुन्हा शिकावे लागते. ती हिरवळ करोडोंची. ती आज उद्या आमच्या दारात येईल अशी आशा मी धरीत नाही. पण सिमडेगाच्या पोरींनी हिरवळीची वाट पाहिली नाही. त्यांना गावात सामने मिळाले, आणि सामन्यांनी पुढची वाट काढली.

लीगचे काय होईल, हे कुणी सांगावे? २०२५ च्या डिसेंबरअखेर दुसरा हंगाम रांचीतच सुरू झाला, तेव्हा गतविजेता ओडिशा संघच त्यात नव्हता. त्याच्या जागी रांची रॉयल्स आला; संघ पुन्हा चारच. शेठजींचे मन फिरले की संघ उठतो. पुरुषांची लीग सात वर्षे कशी बंद राहिली ते आपण पाहिलेच. म्हणून या स्पर्धेचे मोल मी लाखांत मोजीत नाही. ती एका मुलीला वर्षाकाठी किती सामने देते, हे मोजतो. आणि तोच हिशेब प्रत्येक तालुक्याने आपापल्या मुलींसाठी मांडावा असे मला वाटते.

त्या सामन्यानंतर दोन दिवसांनी आळीतली एक आई मला म्हणाली, "भाऊजी, पोरगी हॉकीची काठी मागून राहिली. एवढं खेळून तिला भेटीन काय?" मी रेल्वेतली नोकरी सांगू शकलो असतो, हॉकीच्या कितीतरी मुलींना रेल्वेने पोटाशी धरले आहे. बत्तीस लाखही सांगू शकलो असतो. पण मी म्हणालो, "वहिनी, आधी तिच्याशी खेळायला दहा मुली भेटू द्या. मग दुसऱ्या गावच्या अकरा. काठी मी आणतो."

काठी आणली आहे. अकरा मुली अजून व्हायच्या आहेत. सध्या सात आहेत.