दिव्याला फिल्म की स्प्रे? आधी मागून येणाऱ्याचा विचार करा

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की गॅरेजपुढे ट्रॅक्टरची रांग लागते. कोणी ऑइल बदलतो, कोणी ट्रॉलीचे टायर. हल्ली आणखी एक काम वाढले आहे. टेललाइट आणि इंडिकेटर काळपट करून घ्यायचे. तरुण पोरं त्याला 'स्मोक' म्हणतात.

परवा बैठक संपल्यावर एका तरुण शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, फिल्म लावू का स्प्रे मारू? टिकंल काय?" मला वाटले, फवारणीचे विचारतोय! पण प्रश्न नव्या ट्रॅक्टरच्या टेललाइटचा होता. त्याला दिलेले उत्तर तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आधी टिकण्याचे बघू. फिल्म म्हणजे चिकट पातळ प्लॅस्टिक. साबणाच्या पाण्याने बसवतात, गरम हवेने ताणतात. धुळीने आणि धुण्याच्या जोरदार पाण्याने तिच्या कडा सुटतात. पण मन बदलले तर कोमट करून सोलून काढता येते. स्प्रे स्वस्त पडतो, वाकड्यातिकड्या काचेवरही बसतो. मात्र थर कुठे जाड, कुठे पातळ. आणि तो सहज निघत नाही. थिनर लावावा, तर प्लॅस्टिकची काच धुरकट होते, तिला बारीक चिरा पडतात. फक्त काढता येण्याचा विचार केला तर फिल्म बरी.

पण खरा प्रश्न तो नाहीच. रोपवाटिकेवर ५० टक्क्यांची शेडनेट टाकली की निम्मे ऊन अडते, हे तुम्हाला सांगायला नको. दिव्यावरची काळी फिल्म काय किंवा स्प्रे काय, ती शेडनेटच आहे. बऱ्याच टेललाइटच्या काचेतच रिफ्लेक्टर असतो. तुमचा दिवा बंद पडला, तरी मागच्या गाडीचा उजेड पडून तो चमकतो. त्यावर निम्मा उजेड अडवणारा थर दिला, तर आत जाताना निम्मा उजेड अडतो आणि परत येताना उरलेल्यातला निम्मा. म्हणजे रुपयातले चार आणेच मागच्याच्या डोळ्यांपर्यंत पोचतात.

ब्रेकचेही तसेच. नेहमीच्या दोन तारांच्या बल्बमध्ये टेललाइटची तार ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची असते. या फरकावरूनच मागच्याला कळते की पुढचा थांबतोय. काळपट काचेमागे, विशेषतः भर उन्हात, हा फरक लक्षातच येत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. १५५ मीटरवरून दिवा दिसला तर चालकाला नऊ सेकंद मिळतात. ५० मीटरवरून दिसला तर जेमतेम तीन. त्यातला दीड-दोन सेकंदांचा वेळ पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. गेल्या हंगामात रात्री मोटारसायकलवरून घरी येत होतो. पुढे उसाची ट्रॉली उभी होती. दिवा होता, पण त्यावर काळा स्प्रे मारलेला. उसाची वाढी दिसली तेव्हा अंतर दहा-बारा हात राहिले होते. गाडी साइडपट्टीवर घातली, पडलो, गुडघ्यावर निभावले. ट्रॉलीवाला बिचारा धावत आला. "दिवा चालूच होता की हो," म्हणाला. चालू होता, हे खरेच. पण दिसत नव्हता.

म्हणून माझा सल्ला असा:

१) टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर यांवर काळी फिल्म नको आणि काळा स्प्रेही नको.

२) आधीच लावली असेल तर फिल्म कोमट करून सोला, उरलेला चिकटा साबणाच्या पाण्याने काढा. स्प्रे असेल तर बारीक वॉटरपेपरने पाणी मारत घासून पॉलिश करा. ते जमत नसेल तर काच बदला.

३) खड्यांपासून काच जपायची असेल तर पारदर्शक फिल्म लावा. हौसही भागते, उजेडही अडत नाही.

४) तेच पैसे रेडियम पट्टीला घाला. ट्रॉलीला मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. ऊस भरल्यावर ती वाढ्याखाली झाकली जाणार नाही, अशी लावा.

५) ट्रॉलीची वायर ट्रॅक्टरला जोडली आहे का, बल्ब पेटतो का, हे रोज निघण्यापूर्वी मागे जाऊन स्वतः बघा.

सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. हंगाम सुरू होण्याआधी एका संध्याकाळी गावातल्या सगळ्या ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या करा, दिवे लावा आणि दीडशे पावलांवरून बघा. जी दिसत नाही, तिची दुरुस्ती त्याच आठवड्यात करून घ्या.

गाडीचा पुढचा दिवा आपल्यासाठी असतो, मागचा दुसऱ्यासाठी. आणि तो दुसरा बहुतेक वेळा आपल्याच गावचा असतो.