कान्हेरी : भिक्षूंचं डोंगरावरचं गाव



सुट्टीत मुंबईला गेलात, तर मुलांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी जरूर दाखवा. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असतं. आणि एक सांगू? 3 क्रमांकाचा भव्य चैत्य पाहून, फोटो काढून मागे फिरू नका. पायऱ्या चढून वर जा. खरं गाव तिथे आहे.

हो, गावच! शंभराहून अधिक लेण्यांपैकी बहुतेक म्हणजे भिक्षूंची घरं. पुढे ओसरी, आत खोली, निजायला दगडी ओटा आणि जवळच पाण्याचं टाकं. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. कातळात कोरलेल्या पन्हळींतून पावसाचं पाणी टाक्यांत उतरायचं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत पुरवायचं. आपण कतारमध्ये समुद्राचं पाणी गोड करून पितो, त्यांनी आभाळाचं पाणी साठवलं. जुलैमध्ये गेलात तर पन्हळी वाहताना दिसतील. पायऱ्या मात्र निसरड्या असतात, जपून!

ही वस्ती सुमारे 2000 वर्षांपूर्वी सुरू झाली. सोपारा, कल्याण इथल्या व्यापाऱ्यांनी लेणी, टाकी खोदवून दिली. पण नवं खोदणं सोपं, ते शेकडो वर्षं चालवणं अवघड. 9व्या शतकात, कोकणात शिलाहारांची सत्ता असताना कोरलेले लेख नेमकं हेच सांगतात. शके 765, म्हणजे इ.स. 843च्या सुमाराचा एक लेख डागडुजी, भिक्षूंची वस्त्रं आणि पुस्तकं यांसाठी दिलेल्या पैशांची नोंद करतो. त्याच शतकात गौड देशाच्या, म्हणजे बंगालकडच्या अविघ्नाकरानं ध्यानासाठी खोल्या बांधवल्या आणि 100 द्रम्म ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातून! गाव दूर राहिलं तरी माणूस लांबच्या एका डोंगराची काळजी वाहत होता. ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

90 क्रमांकाच्या लेण्यात आणखी एक गंमत आहे. इ.स. 1009 आणि 1021मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं तिथे कोरून ठेवली आहेत.

आणि वस्तीच्या एका कडेला विटांच्या छोट्या स्तूपांचे अवशेष आहेत. इथेच आयुष्य घालवलेल्या भिक्षूंची ती स्मारकं. मुलांना तिथे थोडा वेळ शांत उभं राहू द्या. घरं, पाणी, पैसा आणि शेवटचा निरोप, सगळं एकाच डोंगरावर पाहायला मिळतं.