ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो? आधी ‘केव्हा ओढतो’ ते पाहा

मागच्या हंगामात चोपडा तालुक्यातल्या एका गावी फरदड कापूस काढून टाका, हे सांगायला गेलो होतो. बोंडअळीची बैठक संपली आणि एका आप्पांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘‘सायेब, टॅक्टर डावा आंगले वढस.’’ दोनदा टायरॉडचे एंड बदलून झाले होते, पुढचे टायरही नवे घातले होते. ओढणं मात्र जसंच्या तसं.

मी काही मिस्त्री नाही. पण कृषी पदविकेला अवजारं आणि यंत्रं हा विषय होता आणि गावोगाव फिरताना ट्रॅक्टरची तक्रार पिकाच्या तक्रारीइतकीच कानावर येते. आप्पांना एवढंच विचारलं, केव्हा ओढतो? सरळ चालताना, की ब्रेक मारल्यावर? ‘‘ब्रेक मारल्यावर,’’ ते म्हणाले. मग पुढच्या चाकांवर खर्च का केला? टू-व्हील ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्या चाकांना. खाली वाकून पाहिलं तर उजव्या बाजूचं ब्रेकचं घर तेलानं ओलं. ऑइल सील गेलेलं, लायनर तेलकट झालेला. उजवं चाक धरत नव्हतं, डावं धरत होतं, म्हणून ट्रॅक्टर डावीकडे जात होता. बिघाड उजवीकडे आणि ओढ डावीकडे!

शेतकरी बंधूंनो, इथंच बहुतेकांची गफलत होते. हवा कमी असली तर ट्रॅक्टर कमी हवेच्या चाकाकडे ओढतो, म्हणजे दोष आणि ओढ एकाच बाजूला. ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर तो ज्या बाजूचं ब्रेक जास्त धरतं तिकडे जातो. तेव्हा पलीकडची बाजू आधी तपासा. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या नव्या ट्रॅक्टरला लायनर तेलकट होण्याचा प्रश्न नाही, पण दोन्ही बाजूंचं सेटिंग कमी-जास्त झालं तर तोही ओढतोच.

ब्रेकबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही फुकटची आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे पॅडल असतात. बांधाशी वळताना एकच दाबायचा म्हणून ते सुटे ठेवतात. नांगरटी झाली, ट्रॉली जोडली, रस्त्यावर आलो, पण दोन्ही पॅडल जोडणारी पट्टी लावायची राहून गेली, तर घाईत पाय एकाच पॅडलवर पडतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. मागून भरलेली ट्रॉली रेटत असते, ती थांबत नाही. शेताच्या बाहेर चाक काढण्याआधी पट्टी लावली की नाही, हे हातानं चाचपून बघा. पट्टी लावूनही ओढत असेल तर दोन्ही पॅडलचा मोकळा खेळ सारखा आहे का ते पाहा. मग रिकाम्या ट्रॅक्टरनं, मोकळ्या सपाट जागी, सावकाश चालवत ब्रेक दाबा आणि मागच्या चाकांचे मातीवरचे घसरे पाहा. जिथं घसरा उमटला नाही, ती बाजू कच्ची.

आता ब्रेकला पाय न लावताही ओढतो त्याचं. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या कडेनं चालताना थोडी ओढ डावीकडे असणारच, तो बिघाड नव्हे. सपाट जागी तपासा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, दुपारच्या तापलेल्या टायरवरचा आकडा फसवा. किती पाउंड हवा हवी, ते कंपनीच्या पुस्तकात असतं. नुसतं लाथ मारून हवा मोजणारे अनुभवी लोक मी पाहिलेत, त्यांच्या दोन चाकांत पाच-सात पाउंडांचा फरक सहज निघतो. हवा सारखी असूनही ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसांत बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. गेली नाही, तर चार-पाच किलोमीटर ब्रेक न मारता चालवून मागच्या ब्रेकच्या घरांजवळ हाताची पालथी बाजू न्या. एक बाजू जास्त तापली असेल तर तिकडचं ब्रेक चिकटून राहतंय.

यानंतरच जॅक. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिनचे बुश. डावं-उजवं हलवताना खेळ दिसला तर टायरॉडचे एंड. जॅकवरच्या ट्रॅक्टरखाली हात घालू नका, खाली लाकडाचे ठोकळे ठेवा. टो-इनचं म्हणाल तर तो बिघडला की टायर झिजतात आणि ट्रॅक्टर लडबडतो. सतत एकाच बाजूला ओढणं हे सहसा त्याचं काम नसतं.

ट्रॅक्टर एकटा सरळ चालतो, ट्रॉली जोडली की ओढतो, असं असेल तर ट्रॅक्टर सोडा, ट्रॉली पाहा. माल एका अंगाला जास्त, एका चाकात हवा कमी, किंवा पाट्यांचा यू-बोल्ट सैल होऊन अ‍ॅक्सल सरकलेला. मागून पाहिलं तर अशी ट्रॉली तिरकी चालताना दिसते. हुकाच्या पिनेपासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी धरून मोजा, माप सारखं आलं पाहिजे. फरक निघाला तर माल भरू नका.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या सुमारास यावल तालुक्यात किनगावजवळ रात्री पपईचा ट्रक उलटला आणि मालावर बसलेले किमान १५ मजूर गेले. पोट भरायला निघालेली माणसं होती ती. ट्रॉली असो की ट्रक, मालावर माणूस बसला की वाहनाचा साधा दोषही जिवावर येतो. हे सर्वांना ठाऊक आहे, तरी वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कापसावर बसून येणाऱ्या बाया कोणत्याही शिवारात दिसतात. मुकादमाला दुसरी फेरी परवडत नाही, हेही खरं आहे. पण निदान ज्या ट्रॅक्टरचा ब्रेक ओढतो, त्याच्या ट्रॉलीत तरी कुणाला बसवू नका.

नांगरटीत ओढत असेल तर गोष्ट निराळी. चाक तासात असतं, थोडी ओढ राहतेच. फार ओढत असेल तर नांगराची ओढ ट्रॅक्टरच्या मध्याशी आली आहे का, खालच्या दोन्ही दांड्या आणि साखळ्या सारख्या आहेत का, ते बघा. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर पंक्चर काढल्यावर त्या चाकात पाणी परत भरलं का, हे विचारा. ते सर्रास राहतं. मग हलकं चाक घसरतं आणि ट्रॅक्टर तिकडे वळतो.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना एक विनंती. उन्हाळ्यात ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर ट्रॅक्टरला जोडला जातो. अर्धा भरलेला टँकर वळणावर हेलकावतो, त्यात ब्रेक एका बाजूचा असला तर उलटायला वेळ लागत नाही. टँकरच्या फेऱ्यांची नोंद तुम्ही ठेवताच. त्याच वहीत आठवड्याला एक ओळ घाला: हवा मोजली, पट्टी पाहिली, हुकापासून अ‍ॅक्सलचं माप घेतलं. पहिली नोंद टँकर सुरू व्हायच्या आधीची असू द्या.