शंभर यार्डांवरची पाटी

दुरून चेंडू ग्रीनवर, झेंड्याच्या जवळ नेऊन टाकणारा फटका म्हणजे अप्रोच शॉट. निवृत्तीनंतर आम्ही गोल्फ शिकलो आणि दोन वर्षं एकच चूक केली. रेंजवर बादलीभर चेंडू घ्यायचे, पिचिंग वेज उचलायची आणि १०० यार्डांच्या पाटीकडे मारत सुटायचं. विसावा चेंडू पाटीशी! वाटायचं, जमलं बरं का. मैदानात मात्र पहिलाच फटका ग्रीनच्या अलीकडे, वाळूत.

असं का होतं? दुसऱ्या चेंडूपासून आम्ही ठरवणंच सोडलेलं असतं; हात नुसते गिरवतात. मैदानात एका जागेवरून एकदाच मारायला मिळतं. अंतर, वारा, गवत, सगळं नवं. शी आणि मॉर्गन यांचा १९७९चा प्रयोग हातांच्या हालचालींचा होता, गोल्फचा नव्हे. पण त्यात क्रम मिसळून सराव करणारे सरावात मागे पडले आणि नंतरच्या चाचणीत पुढे गेले.

म्हणून आता एक चेंडू ६० यार्डांवर, पुढचा १००वर, मग ८०वर. दर वेळी मागे सरकून नव्यानं नेम धरायचा. आणि चेंडू पडला कुठे, ते वहीत लिहायचं. चांगले तेवढेच नव्हे, सगळे.

आयुष्यभर वर्गात ज्ञान आणि समजूत यांतला फरक शिकवला. आमची वेज १०० यार्ड जाते, ही समजूत होती; वहीतली सरासरी ८५ निघाली. चार दिवस वही उघडली नाही, खरं सांगतो. आता तिथे नऊ नंबरची आयर्न घेतो.