पोट सोडा, कंबर आपोआप हलेल

शेवटचं कधी तुम्ही पोट मोकळं सोडून उभे राहिला होतात? आठवून बघा. ग्रुप फोटो निघतोय, 'वन, टू, थ्री' म्हणायच्या आत सगळ्यांची पोटं आत. ट्रायल रूमच्या आरशासमोर उभं राहिलं, पोट आत. ट्रॅडिशनल डेला साडी नेसलीत, दिवसभर श्वास अर्धाच. इतकी अंगवळणी पडलेली ही सवय सोडायला सांगणारा क्लास मला एकच भेटला, तो म्हणजे बेली डान्सचा. पहिल्याच दिवशी टीचरने आरशातून सगळ्यांवर एक नजर टाकली आणि म्हणाली, ''पोट सोडा.'' बॅचमधल्या आम्ही बाराजणी एकमेकींकडे बघायला लागलो. आपल्याकडे पोट 'सुटतं', ते कुणी मुद्दाम 'सोडत' नाही!

पुण्या-मुंबईतल्या डान्स स्टुडिओंच्या वेळापत्रकात साल्सा, हिपहॉप, कंटेम्पररीच्या ओळीत आता बेली डान्सचीही बॅच दिसते. रील्स बघून 'एकदा जाऊन बघू या का?' असं तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. आणि लगेच दुसरा प्रश्नही आला असेल, 'पण घरी काय सांगायचं?' मी 'झुम्बा' सांगितलं होतं. एक-दोन दिवस नाही, चांगले तीन महिने. तुम्ही त्या दुसऱ्या प्रश्नापाशी अडकला असाल, तर आजचं हे पान तुमच्यासाठी आहे.

हा नाच गुडघ्यांचा

पहिल्या तासाला तुमचा पहिला गैरसमज दूर होतो. तुम्ही कंबर हलवायला जाता आणि ती लाकडासारखी ताठ राहते. मग कळतं, की कंबर हलवायचीच नसते, गुडघे चालवायचे असतात. पाय कमरेइतके लांब, गुडघे किंचित वाकलेले, माकडहाड जमिनीकडे, छाती उचललेली. आता फक्त उजवा गुडघा सरळ करा. कंबर उजवीकडून आपोआप वर गेली ना? ही 'हिप लिफ्ट'. तेच उजवं-डावं, उजवं-डावं झपाझप करत राहिलात की झाला 'शिमी', म्हणजे तो रील्समधला थरथराट. ऐकायला सोपं, पण पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात मांड्या पेटतात.

खरी परीक्षा 'आयसोलेशन'ची. छाती डावीकडून उजवीकडे सरकवायची, पण खांदे आणि कंबर जागच्या जागी. कमरेने हवेत आडवा इंग्रजी आठ काढायचा, पण डोकं स्थिर, जणू डोक्यावर कळशी आहे. कथ्थक किंवा भरतनाट्यम शिकलेल्या मैत्रिणींची इथे वेगळीच गंमत होते. त्यांचे हात सुरेख चालतात, तालही पक्का असतो, पण पाय आपटायची सवय जात नाही. इथे जमीन वाजवायची नसते. सगळं काम अंगाच्या आत, वीतभर जागेत.

आणि पोट आवळून धरलं तर यातलं काहीच जमत नाही. श्वास अडकतो, छाती हलत नाही, पोटाची लाट म्हणजे 'बेली रोल' तर विसराच. म्हणून ती पहिली सूचना. मनाला बरं वाटावं म्हणून दिलेला तो सल्ला नव्हता, नाचाची साधी तांत्रिक गरज होती. मला मात्र ती सगळ्यात अवघड गेली. शिमी तीन आठवड्यांत आला, पोट सोडायला दोन महिने लागले.

दुम, तक आणि केरवा

स्टेप्स जरा बसल्या, की कान उघडावे लागतात. इजिप्तमध्ये या नाचाबरोबर वाजणाऱ्या, पेल्याच्या आकाराच्या एकमुखी तालवाद्याला चक्क 'तबला' म्हणतात. आपला तबला वेगळा, तो वेगळा. बाकीच्या जगात तो 'दरबुका' म्हणून ओळखला जातो. त्याचे मुख्य बोल दोन : मधोमध घुमणारा 'दुम' आणि कडेवरचा 'तक'.

सगळ्यात नेहमीचा ताल 'मकसूम'. आठ मात्रा मोजा : दुम, तक, रिकामी, तक, दुम, रिकामी, तक, रिकामी. केरवा कानात असेल तर आठाचा हिशोब लगेच पकडाल. आता दुसऱ्या मात्रेवरच्या 'तक'चा 'दुम' करा, झाला 'बलदी'. किंवा दुसरी मात्रा तशीच ठेवून चौथ्या मात्रेवरचा 'तक' बदलून 'दुम' करा, झाला 'सईदी'. एका बोलाचा फरक, पण नाच पूर्ण बदलतो. बलदी जड आणि जमिनीला धरून चालतो. सईदी वरच्या इजिप्तचा, हातात काठी घेऊन नाचायचा. या काठीचं मूळ 'तहतीब' या पुरुषांच्या काठीच्या खेळात आहे, ज्याला युनेस्कोने २०१६ मध्ये वारसा यादीत घेतलं. आपल्या लाठीकाठीसारखाच तोही रुबाबाचा खेळ. बायका तीच काठी घेऊन त्या रुबाबाची जरा टिंगलही करतात.

वाद्यांनाही अंगाची जागा ठरलेली. स्वरमंडळासारखं 'कानून' हे तारांचं वाद्य झणझणायला लागलं की शिमी, व्हायोलिन किंवा बासरीच्या जातीचं 'नाय' लांबवलं की हात आणि लाट, तालवाद्याचा ठोका आला की कंबर. थोडक्यात, जे ऐकू येतंय ते दाखवायचं. ढोलकीचा तोडा आणि लावणीवालीची अदा यांचा सवाल-जवाब तुम्ही बघितला असेल, तर हे नातं वेगळं समजावून सांगायला नको.

नाव ठेवलं दुसऱ्यांनी

अरबीत या नाचाचं नाव 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेकडचा नाच. त्यात 'पोट' कुठेच नाही. पोटाचा नाच हे नाव आधी फ्रेंचांनी दिलं आणि अमेरिकेत ते गाजलं १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. तिथे 'कैरोतला रस्ता' उभारून नर्तकी नाचवल्या गेल्या आणि प्रेक्षक तिकीट काढून अचंबा करायला गेले. हे तेच प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. एकाच गावात, एकाच वर्षी पूर्वेकडच्या दोन गोष्टी पोहोचल्या. एकीला टाळ्या मिळाल्या, दुसरीला मिळालं हे नाव.

गंमत म्हणजे, जगाने पोटावरून नाव ठेवलं, पण खुद्द इजिप्तमध्ये १९५० च्या दशकापासून नर्तकीने पोट झाकावं असा नियम आहे. म्हणून तिथल्या पोशाखात पोटावर पातळ जाळी असते.

रंगमंचावरचं आजचं रूप घडलं कैरोत. बदिया मसाबनी या बाईंनी १९२६ मध्ये तिथे आपलं नृत्यगृह उघडलं. घरातला, अंगणातला नाच तिथे मोठ्या वाद्यवृंदासमोर आला, हात उघडले, पावलं मंचभर फिरू लागली. तिथूनच तहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोघी निघाल्या आणि पुढे इजिप्शियन सिनेमाच्या नायिका झाल्या. एडवर्ड सईद यांच्यासारख्या विचारवंताने तहियावर अख्खा लेख लिहिला. आणि मुलांनो, 'हे आपलं काम नाही' म्हणून पान उलटू नका. इजिप्तच्या लोकनृत्यांना रंगमंचावर नेणारा महमूद रेदा हा पुरुष होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तो जिम्नॅस्ट म्हणून उतरला होता आणि १९५९ मध्ये त्याने स्वतःचा नृत्यसंच उभा केला.

अड्ड्यावरचा नाच, लग्नातला नाच

मग आपल्या घरच्यांच्या कपाळावर आठी का पडते? कारण त्यांनी हा नाच बघितला तो हिंदी सिनेमात. 'शोले' (१९७५) आठवा. हेलन नाचतेय आणि समोर बसलाय गब्बर. नाच व्हिलनच्या अड्ड्यावर, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलं. इजिप्तमध्ये मात्र हा आधी घरचा नाच आहे. लग्नात आत्या, मावश्या, आजी कमरेला ओढणी बांधून नाचतात. वरातीपुढे डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं झुंबर तोलत नर्तकी चालते.

पण म्हणून तिथे सगळं गोडच आहे असं नाही. १८३४ मध्ये कैरोतून 'गवाझी' नर्तकींना हाकलून देऊन दूर दक्षिणेकडे पाठवलं गेलं. आजही लग्नात नर्तकी हवी असते, पण आपल्या मुलीने तो धंदा करू नये, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ओळखीचं वाटतंय ना? लावणी हवी, पण लावणीवाली घरात नको, हे आपणही वर्षानुवर्षं केलं. यमुनाबाई वाईकरांना 'पद्मश्री' मिळाली २०१२ मध्ये, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. म्हणून बेली डान्स शिकताना एक जबाबदारी येते. चमचमता पट्टा बांधून दोन स्टेप्सचं रील टाकलं, तर आपणही शिकागोतल्या त्या तिकीट काढणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन उभे राहतो. ज्या बायकांनी हा नाच जपला त्यांची नावं, ताल आणि गाव माहीत करून घेतलं, तर आपण त्यांचे विद्यार्थी होतो.

पट्टा पडला तेव्हा

शिकणाऱ्यांच्या कार्यक्रमाला 'हफ्ला' म्हणतात, म्हणजे साधी अरबी पार्टी. प्रेक्षक बहुतेक घरचेच. आमच्या हफ्लाच्या आदल्या आठवड्यात मी आईला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. फक्त विचारलं, ''किती वाजता आहे?''

त्या दिवशी दरबुका वाजवायला एक मुलगा आला होता. आम्ही सहाजणी मकसूमवर निघालो. माझी नजर जमिनीवर, कारण समोर दुसऱ्या रांगेत आई. मध्यावर आलो आणि माझ्या कमरेचा नाण्यांचा पट्टा सुटून खाली पडला. तोपर्यंत मी त्याच्या छुमछुमीवर विसंबून नाचत होते, हे तेव्हा कळलं. आता कानात उरला फक्त दरबुका. उचलायला वाकायला वेळ नव्हता. मी मान वर केली आणि त्याच्या 'दुम'वर कंबर टाकत राहिले. पोट आत आहे की बाहेर, हे शेवटपर्यंत आठवलं नाही.

घरी जाताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''पट्टा पडल्यावर तू पहिल्यांदा वर बघितलंस. आधीपासून बघायचं ना.'' आणि थोड्या वेळाने, ''तो मुलगा वाजवत होता ते काय होतं? ढोलकीच वाटत होती.''

तेव्हा तुम्हीही घरी 'झुम्बा' सांगायचा विचार करत असाल, तर माझे तीन महिने वाचवा आणि खरं सांगून टाका. लगेच परवानगी मिळेलच असं नाही. पण निदान बोलायला तुमच्याकडे गब्बरच्या अड्ड्यापेक्षा जास्त काहीतरी असेल.

क्लास लावण्याआधी

• ट्रायल क्लासमध्ये बघा, टीचर तालांची आणि शैलींची नावं सांगते का? 'अरेबिक गाणं आहे, नाचा' एवढंच असेल तर पुढचा स्टुडिओ बघा.

• वॉर्मअपशिवाय शिमी नको. गुडघे ताठ ठेवून केलेला शिमी थेट कंबरदुखी देतो. पाठीचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

• महागडा ड्रेस लगेच घेऊ नका. लेगिंग्ज, टी-शर्ट आणि कमरेला घट्ट बांधलेली ओढणी पुरते.

• क्लासमधले व्हिडिओ कोण काढणार आणि कुठे टाकणार, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा. तुम्हाला नको असेल तर 'नको' म्हणायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.

• स्टुडिओत वर्ल्ड डान्सची बॅच असेल तर तीही करून बघा. हात धरून रांगेत पाय आपटायचा पॅलेस्टाईन-लेबनॉनकडचा 'दबके', केस झुलवत करायचा आखाती देशांतला 'खलीजी', बारा मात्रांच्या टाळ्यांवरचा स्पेनचा 'फ्लामेंको' : प्रत्येकात अंगाचा वेगळाच भाग जागा होतो.