सायकलीवरील गणकयंत्र आणि दूरध्वनी

कोलकात्याच्या एस्प्लनेड चौकात सायंकाळी क्षणभर उभे राहिले, तर मोटारी, बसगाड्या आणि पादचारी यांच्या गर्दीतून वाट काढणारा एखादा सायकलस्वार दृष्टीस पडतो. कधी कधी त्याच्या हँडलवर तळहातात मावेल एवढे गणकयंत्र बसविलेले असते. पूर्वी असे यंत्र केवळ वेग व अंतर दाखवीत असे. आता त्याच्या पडद्यावर दूरध्वनी आल्याची सूचना उमटते आणि काही यंत्रांतून संभाषणही करता येते. हे कसे साधते व त्यात सावधगिरी कोणती बाळगावयास हवी, याचा आपण येथे विचार करू.

या यंत्राचे मूळ काम साधे आहे. चाकाच्या एका आऱ्याला लहानसा लोहचुंबक आणि पुढच्या चिमट्याला संवेदक बसवितात. चुंबक संवेदकासमोरून गेला की एक फेरा मोजला जातो. चाकाचा परीघ २.१ मीटर असेल आणि सेकंदाला दोन फेरे होत असतील, तर सायकल सेकंदाला ४.२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने जात आहे, हे यंत्र तात्काळ सांगते. अलीकडची यंत्रे कृत्रिम उपग्रहांच्या संकेतांवरूनही हे गणित करतात.

मात्र हे यंत्र स्वतः दूरध्वनी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. खरा दूरध्वनी स्वाराच्या खिशात असतो. गणकयंत्र व तो यांच्यामध्ये ‘ब्लूटूथ’ नावाचा अल्प पल्ल्याचा रेडिओ-दुवा असतो. स्वाराने यंत्रावरील कळ दाबली की ‘दूरध्वनी स्वीकारा’ हा आदेश खिशातील दूरध्वनीकडे जातो. तो आपल्या जवळच्या मनोऱ्याशी संपर्क साधतो आणि तेथून पुढे संभाषण दूरध्वनी-जाळ्यातून जाते. यंत्रात ध्वनिग्राहक व ध्वनिक्षेपक असतील, तरच आवाज त्यातून ये-जा करतो. एरवी ते फक्त सूचना देते.

ब्लूटूथच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी आवर्तनांच्या असून त्यांची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असते. एस्प्लनेडसारख्या गजबजलेल्या जागी याच पट्ट्यात शेकडो उपकरणे एकाच वेळी बोलत असतात. मग त्यांचा गोंधळ का होत नाही? कारण ध्वनी वाहून नेणारा दुवा एकाच वाहिनीवर स्थिर राहत नाही. तो ७९ वाहिन्यांमधून सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारतो आणि ज्या वाहिन्यांवर गर्दी असेल त्या टाळतो. तथापि मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून दूरध्वनी पाठीमागच्या खिशात असल्यास आवाज तुटण्याचा संभव अधिक असतो.

बिनतारी संदेशाशी या परिसराचे नाते जुने आहे. एस्प्लनेड रो येथील टाउन हॉलमध्ये १८९४-९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे विद्युच्चुंबकीय लहरी पाठवून घंटा वाजविली व दारूचा स्फोट घडवून आणला. त्यांनी आपल्या संशोधनात वापरलेल्या काही लहरी अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या होत्या. पुढे ३१ जुलै १९९५ रोजी जवळच्याच रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीतील केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतातील भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण म्हणून त्याची नोंद आहे.

आता धोक्याकडे वळू. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर तेवढ्यात सायकल आठ मीटरांहून अधिक पुढे गेलेली असते. या अंतरात एखादा पादचारी रस्त्यावर उतरू शकतो, किंवा अरुंद चाक ट्रामच्या रुळाच्या खाचेत अडकू शकते. हात मोकळे राहिले म्हणजे मनही मोकळे राहते असे मुळीच नाही. संभाषणात गुंतलेला माणूस समोरची वस्तू पाहतो, परंतु तिची दखल उशिरा घेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालविताना हातातील संपर्कसाधने वापरणे हा धोकादायक चालविण्याचा प्रकार ठरविला. पण सायकल हे मोटार वाहन नसल्याने ते कलम सायकलस्वाराला लागू होत नाही. आपली काळजी त्याने स्वतःच घ्यावयाची आहे.

या शहरात सायकल ही केवळ हौसेची वस्तू नाही. दूध, वर्तमानपत्रे व किरकोळ माल पोहोचविणाऱ्या अनेकांची ती उपजीविका आहे. २०१३ साली वाहतुकीच्या कारणास्तव शहरातील १७४ रस्त्यांवर सायकलींना मज्जाव झाला, तेव्हा त्याची झळ प्रथम याच लोकांना बसली. रस्त्यावर सायकलीला हक्काची जागा मिळावी, या मागणीला स्वाराच्या दक्षतेचीही जोड हवी. यासाठी नियम सोपा आहे: यंत्रावरील सूचना पाहावी, सायकल रस्त्याच्या कडेला घ्यावी, पाय जमिनीवर टेकवावा आणि मगच बोलावे. एवढ्याने खोळंबा मिनिटाचाच होईल, आणि यंत्राचा खरा उपयोगही साधेल.